माटवीला स्क्रूच लागणार

१८ ऑगस्ट, सकाळ
कॉर्डलेस ड्रिल आलं. हातात धरलं की माणूस आपोआप ताठ उभा राहतो. यंदा गणपतीच्या डोक्यावरची माटवी मी टांगणार. नारळ, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, कवंडळांसारखी रानफळं यांचं ओझं पेलणारी ती लाकडी चौकट आजवर बाबलीदादा दोरीने बांधायचा, कारण चुलत भावांत तो थोरला. आता त्याचा खांदा वर जात नाही. मान पुढे कुणाला द्यायचा, तर घरातल्या सगळ्यांचा कल निलेशकडे. निलेश सगळ्यांत धाकटा, दोडामार्गला राहतो, गोव्यात नोकरी करतो. बारा महिने देवाला दिवा मी लावायचा आणि माटवी निलेशने बांधायची? दादाला जाऊन सांगितलं, यंदा मी, आणि दोरीने नाही, स्क्रूने. दादाने दुखरा खांदा चोळला. मग म्हणाला, 'बघ बाबा, काय ता.' म्हणजे होकार.

दुपार
सोबतची पुस्तिका वाचली. चष्मा घाला. सैल कपडे नकोत. भोक पाडायची बिट बदलताना बॅटरी काढा. लाकूड शिकंज्यात पकडा. भित्र्या लोकांसाठी लिहिलेली दिसते. मी हायस्कूलात विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस आहे.

२० ऑगस्ट
बिट बदलत होतो. बॅटरी काढली नव्हती, कारण काढली की परत लावावी लागते. बोट बटणावर पडलं आणि ड्रिलने लुंगीचं टोक धरलं. पुढचं फार झटपट झालं. लुंगी सगळी ड्रिलला, मी अंगणात तसाच. नेमकी तेव्हाच दादाची बायको, रुक्मिणीवहिनी, तवशी घेऊन आली. तवशी पायरीवर ठेवून आल्या पावली परत गेली.

शर्मिलेचं म्हणणं, 'ओ, पयली ती बॅटरी काढा, नायतर पँट तरी घाला.' दोन्ही करणार नाही. बायकोने सांगितलं म्हणून पँट घालणारा माणूस माटवी काय टांगणार? लुंगीचा विचार कंपनीने करायला हवा होता.

२१ ऑगस्ट
पोफळीच्या रिपांना भोकं. शिकंजा नाही, मांडी आहे. शर्मिला मांडीला घाबरली, म्हणून रीप जेवणाच्या खुर्चीवर ठेवली. स्क्रू अप्रतिम बसला. रीप उचलली तर खुर्चीही आली. ड्रिलमध्ये ताकद आहे हे सिद्ध झालं. जेवायला पाटावर बसलो. पाट प्रकृतीला चांगला.

निलेशचा फोन. दोन दिवस आधी येऊन मदत करू का, विचारत होता. याला इथली बातमी कोण देतं ते मला ठाऊक आहे. नको म्हटलं. गोव्यात राहून माणूस आगाऊ होतो.

२३ ऑगस्ट
हुकसाठी चिऱ्याच्या भिंतीत भोक. मान वर, तोंड उघडं, डोळे उघडे. अर्धी भिंत डोळ्यात आली. कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांनी विचारलं, चष्मा कुठे होता? खोक्यात, म्हटलं. ते हसले. सुशिक्षित माणसाने पेशंटला हसू नये. एका डोळ्यावर पट्टी आहे. नेम धरायला तसाही एकच डोळा लागतो.

२५ ऑगस्ट
दादा येऊन गेला. पट्टी बघितली, खुर्ची बघितली. 'दोरी आसा मा रे, मगे भोकां कित्याक?' त्याला म्हटलं, दादा, काळ बदलला. तो म्हणाला, माटवीचा वजन बदलाक नाय. माझा मान काढून घ्यायलाच आला होता, पण बोलला नाही. उद्या काम पूर्ण करून दाखवतो.

२६ ऑगस्ट, दुपार
शर्मिला मागे लागली, मेन स्विच बंद करा. तिला नीट समजावलं: कॉर्डलेस म्हणजे वायर नाही, वायर नाही तर शॉक कुठून येणार? ड्रिलला वायर नव्हती. भिंतीत होती.

स्टुलावरून उडालो तो कवंडळांच्या ढिगात. कंबर धरली आहे. घरात वीज नाही. वायरमन म्हणाला, मीटरजवळचं बटण वेळेवर पडलं म्हणून बोलताय. माझा अंदाज तसा फार चुकला नव्हता, वायर चार बोटं बाजूला असती तर काम झालं असतं.

शर्मिला रडली. माटवी मोठी की मी, असं विचारत होती. मी ड्रिलची बॅटरी काढून ठेवली.  घरात वीज नाही, चार्जिंग वाचवायला हवं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
निलेश पहाटेच आला. दोरीने सगळी माटवी बांधली आणि जुन्या खुंट्यांना टांगली. मी खुर्चीवरून सूचना देत होतो. खुर्चीला अजून रीप आहे, त्यामुळे एका बाजूला कलून. एकही सूचना त्याने ऐकली नाही. माटवी सरळ बसली. मला वाईट वाटलं.

गणपती बसला. बाबलीदादा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. पावसासाठी मागितलं, काजूसाठी मागितलं, निलेशच्या नोकरीसाठी मागितलं. सगळे दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मग दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बा देवा म्हाराजा, ह्या हरीक बरी बुद्धी दी, आणि ती मशीन परत तेच्या हाताक लागाची नाय असा कर रे म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.' शर्मिलेचा आवाज सगळ्यांच्या वर होता. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायची लहानपणापासूनची सवय. माझ्याही तोंडून निघून गेलं.