साडीचोळीचे पन्नास

एकलहरे कॉलनी, नाशिक रोड
वसुबारस, १९८८

प्रिय कारभारी,

काल पोस्टमन येऊन गेला. तुझी पन्नास रुपयांची मनिऑर्डर मी सही न करता परत पाठवली. ती तुझ्या हातात पडली की तुझी सिंधू म्हणेल, अक्काला आता वावरातला हिस्सा हवाय. तसं काही नाही, बाबा. आधी पत्र वाच, मग काय रागवायचं ते रागाव.

एकाहत्तर साली निफाडच्या कचेरीत मी हक्कसोडीवर सही केली, तेव्हा तुला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आपल्यात बहिणी करतातच सही, मीही केली. बाहेर चहा पिताना आबांनी तुला बजावलं, अक्काला दर दिवाळीला साडीचोळीचे पन्नास रुपये, मी असो नसो. त्या पहिल्या पन्नासात मी मेनरोडवरून चांगलं नऊवारी लुगडं घेतलं, चोळीचा खण, हातभर बांगड्या, आणि उरलेल्या पैशांत पोरांना फटाके. अख्ख्या कॉलनीला लुगडं दाखवत फिरले. काय तोरा होता माझा!

आबा गेले तरी तू एक दिवाळी चुकवली नाहीस, खोटं कशाला बोलू? पण आधी बांगड्या गेल्या, मग फटाके गेले. ऐंशीच्या सुमाराला नुसतं लुगडं यायचं, तेही विरळ सुताचं. गेल्या साली परकर आणि ब्लाऊजपीस आलं, शिलाई मी पदरची घातली. पिंपळगावात द्राक्षांचा भाव तू दरसाल नवा सांगतोस, मजुरीही वाढवून देतोस. अक्काचा आकडा तेवढा आबांनी सांगितला तोच. तुला वाटत असेल, शब्द पाळतोय. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. तुझे दाजी म्हणायचे, लिही की त्याला. पण माहेराला तोंड उघडून मागायचं कसं, म्हणून गप्प बसले. आता रागही येत नाही. काहीच येत नाही. परवा करंज्या तळत होते, कढईत करपल्या तरी नुसती बघत राहिले.

माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी दाजींना बाहेर नेऊन सांगितलं, मला दारातून ऐकू आलं. संक्रांतीचा भरवसा नाही म्हणाले. येताना आम्ही मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.

सवाष्ण गेली की अंगावर माहेरचं लुगडं घालतात, तुला ठाऊक आहे. आईचं मामांनी आणलं होतं. माझं तू आणायचंस. पन्नासात ते येत नाही, कारभारी, म्हणून पैसे परत केले. तू स्वतः दुकानात जा, हिरवं, काठाचं, पुरं नऊवारी माग, आणि दुकानदार सांगेल तो भाव ऐक. भाऊबीजेला घेऊन ये. ओवाळून झालं की एकदा हात फिरवून बघेन म्हणते. मग ट्रंकेत ठेवू. दाजींना जागा दाखवून ठेवलीय.

तुझीच,
अक्का