एक्केचाळीस मिनिटं नुसतं ऐकणे

सोमवार, १३ जानेवारी २०२५. सकाळी ६.४०, कंपनीची बस

आजपासून ऐकणे सुरू.

अबोलीच्या कॉयरचा २ फेब्रुवारीला, रविवारी, प्राधिकरणातल्या सभागृहात कार्यक्रम आहे. चाळीस गाणारे, वीस वाजवणारे, आजच्या काळातली एकच रचना. देवाकडे शांती मागायची, लॅटिनमध्ये, एक्केचाळीस मिनिटं. आमच्या लेकीचा त्यात छोटा सोलो आहे. तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलंय. सोलो कुठे आहे ते सांगत नाही. म्हणते, ऐकलंत तर कळेलच. आणि अट अशी की बाबा, फक्त ऐकायचं, काही करायचं नाही.

अट अपमानास्पद आहे. सहा वर्षांपूर्वी दहावीच्या गॅदरिंगमध्ये ती ओळ विसरली, तेव्हा मी पहिल्या रांगेत उभा राहून ओळ सांगितली. थोडी चालीत सांगितली, एवढंच. तेव्हापासून मला कुठल्याच कार्यक्रमाला बोलावणं नाही. काल पद्मजाला म्हणत होती, आई, बाबांना हा शेवटचा चान्स, परत काही झालं तर मी त्यांना माझ्या गाण्यातलं काहीच सांगणार नाही. मी बाथरूममध्ये होतो, तरी स्पष्ट ऐकू आलं. कान मुळातच चांगले आहेत.

पंचवीस वर्षं क्वालिटीत आहे. नुसत्या आवाजावरून बेअरिंग रिजेक्ट करतो. मला कोण ऐकायला शिकवणार.

७.३५. चाकण चौकात जाग आली. रचना संपली होती. शांती मिळाली, म्हणजे परिणाम झाला.

बुधवार, १५ जानेवारी

फक्त अकरा मिनिटं. सयाजीचे तीन फोन. सयाजी आमचा लाइन सुपरवायझर, माणूस चांगला, पण शाफ्टवर चरा दिसला की आधी मला फोन. दर फोननंतर गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो. पहिली चार मिनिटं आता माझ्याइतकी कुणालाच येत नसतील.

गुरुवार, १६ जानेवारी. साप्ताहिक सुट्टी

एक्सेल शीट केली. तारीख, मिनिटं, व्यत्यय, कारण, उपाय. पद्मजा म्हणाली, अहो, गाणं ऐकताय की ऑडिट करताय. तिला सिस्टिम कळत नाही.

आणि सोलो सापडला! बाराव्या मिनिटाला सगळे दबतात आणि एक मुलगी एकटी वर जाते. पहिल्या सुरालाच ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज नाही. बापाचे कान आहेत.

जेवताना तिला सांगितलं, तुझा सोलो ऐकला, वरचा सूर जरा थरथरतो, तेवढा सांभाळ. तिने विचारलं, कितव्या मिनिटाला. बाराव्या, म्हणालो. ती भाजी वाढून घेत राहिली. मग म्हणाली, बाबा, शेवटपर्यंत ऐका. कौतुक सहन होत नाही तिला. माझ्यावर गेलीय.

सोमवार, २० जानेवारी

आज शेवट गाठला. ३८ मिनिटं २० सेकंदांना आवाज हळूहळू खाली येतात आणि थांबतात. फाइल मात्र एक्केचाळीस मिनिटांची दाखवते. मी तब्बल पंधरा सेकंद वाट पाहिली. काही नाही. मागे पावणेतीन मिनिटं रिकामीच सोडलीत. पोरांना एडिटिंग येत नाही.

शेपूट कापून टाकलं. आता स्वच्छ ३८.२०.

गुरुवार, २३ जानेवारी

सुट्टी असून ओव्हरटाइम. येताना सयाजीला तळेगावला सोडलं. गाडीत रचना लावली. दहा मिनिटांनी हळूच म्हणाला, साहेब, घरचं कुनी गेलं काय. मी सांगितलं, हे चिंतन आहे. व्हय व्हय, म्हणाला, आणि टोपी काढून मांडीवर धरून बसला. तळेगाव येईपर्यंत हलला नाही. उतरताना म्हणाला, बरं वाटलं साहेब, कुनी बोलत न्हाई ते बरं वाटलं.

संगीताची समज नाही, पण भाव चांगला.

मंगळवार, २८ जानेवारी

रविवारी गिऱ्हाईकाची तपासणी लागली. प्लँट हेड म्हणाले, तुम्ही हवेच. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो. घरी कार्य आहे, सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर आपटलं. प्रमोशनची यादी मार्चमध्ये आहे.

अबोली दोन दिवस नीट जेवत नाही. गरम पाणी पीत फिरते. आज चहाच्या वेळी परत विचारलं, शेवट ऐकलात ना. मी म्हणालो, दहा वेळा, शेवट मला पाठ आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं तिला. मग बरं, म्हणाली, आणि आत गेली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

धोक्यांची यादी आणि उपाय. फोन: बंद करून पद्मजाच्या पर्समध्ये. खोकला: खडीसाखर. झोप: दुपारी भात नाही. मधेच ओळ सांगणे: लॅटिन येत नाही, त्यामुळे धोका नाही.

पाचवा धोका शोधला. सापडला नाही.

रविवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.५०, गाडीत

अबोली अजून आत आहे. पद्मजा तिला आणायला गेलीय. तेवढ्यात लिहून घेतो.

फोन बंद. खोकला नाही. झोप नाही. बाराव्या मिनिटाला पुढे आली ती पूर्वी नावाची अबोलीची मैत्रीण. सोलो आयत्या वेळी काढून घेतला असणार. रक्त उसळलं. अबोली मागच्या रांगेत शांत उभी. खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठलो नाही. शाब्बास शरच्चंद्र.

मग ३८.२०. सगळे थांबले. हातवारे करणाऱ्या बाई हात वर धरून तशाच उभ्या. अबोली रांगेतून दोन पावलं पुढे आली, नमस्कारासाठी असणार. आणि टाळी नाही! चारशे माणसं श्वास रोखून बसलेली. संपलं की नाही, कुणालाच कळेना. पोरं ताटकळत उभी. एवढी मेहनत, आणि कुणाला टाळी वाजवायचं भान नाही.

अख्ख्या हॉलमध्ये रचना पाठ असलेला मी एकटा. उभा राहिलो. वाजवली, कडकडून. दोन सेकंदांत सगळा हॉल उभा. अजून कानात घुमतंय. बाईंचे हात हळूहळू खाली आले. अबोलीचं तोंड उघडंच राहिलं होतं. आनंदाने होतं माणसाचं तसं. पद्मजा माझी बाही ओढत होती, तीही भरून आली असावी.

सगळे धोके टाळले. परत बोलावणार, नक्की.

सोमवार, ३ फेब्रुवारी

अबोली काल आमच्या गाडीत बसली नाही. पूर्वीबरोबर पिंपळे गुरवला गेली.

पद्मजाने सकाळी सांगितलं. ती शांतता रचनेतली होती. चाळीस सेकंद, लिहिलेली. त्यानंतर दोन मिनिटं एकटी अबोली. तोच सोलो. टाळ्या थांबेपर्यंत वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली ठेवली होती, अबोलीचं गायचं राहूनच गेलं.

मी म्हणालो, तशी सूचना छापायला हवी होती. ती म्हणाली, छापली होती, पत्रिकेच्या दुसऱ्या पानावर. मी पत्रिकेची घडी करून त्यात खडीसाखर ठेवली होती.

कंपनीत चूक कुठून झाली ते शोधायला पाच वेळा ‘का’ विचारतात. टाळी का? संपलं वाटलं. का वाटलं? कापलेली फाइल ऐकली. का कापली? रिकामी वाटली. चौथ्या का-ला थांबलो. सयाजीचा फोन आला नव्हता, तरी थांबलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. साप्ताहिक सुट्टी

अबोली घरी आहे. बोलत नाही. मीठ मागायचं तर आईकडे मागते.

हॉलमधून तिच्या खोलीत मेसेज केला. फाइल परत पाठवशील का. तासाभराने आली. फक्त शेवटची पावणेतीन मिनिटं. खाली लिहिलंय, बाकीचं तुम्हाला पाठ आहे.

लावली. विसाव्या सेकंदाला आवाज वाढवला. तिसाव्याला वाटलं, हीपण बिघडलीय. हात फोनकडे गेला होता, मांडीखाली दाबून बसलो.

मग आवाज आला. एकटाच, मागे एकही वाद्य नाही. कुठेही थरथरत नाही.

अबोलीचा आहे हे आधीच माहीत होतं. नाहीतर मी ओळखला नसता.