बाबांनी पुसलेली गाणी

लिफुका, टोंगा
४ मे

चि. केपुएलीस,
ताईचे अ. उ. आ. इंटरनेट अजून बंदच, म्हणून पत्र बोटीने. घशाच्या ऑपरेशनपासून बाबांचा आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहून भांडतात. काल मला लिहिलं, नारळाचं दूध घालताना हात का आखडतेस.

काम असं. माझी बॅकअपची डिस्क गच्च भरलीय. जागा संपली की कॉम्प्युटर आपणहून सगळ्यांत जुने बॅकअप पुसतो, आणि चर्चच्या गायनमेळ्यात बाबांनी गायलेली सगळी गाणी नेमकी त्यांतच आहेत. लॅपटॉपवरची त्यांनी ऑपरेशनला जाण्याआधी स्वतःच उडवली. बॅकअपचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यावर आता एवढी मावत नाहीत, म्हणून डिस्क काढून कपाटात ठेवलीय. मोठी डिस्क पाठव. लोभ आहेच, तो जरा लवकर बोटीत चढव.
तुझी ताई,
सेलुवाया

ऑकलंड
१५ मे

ती. ताईस,
स. न. वि. वि. सोबत डिस्क आहे, जुनीच्या चौपट मोठी. पण खरं सांगू? बाबांनी मुद्दाम पुसलेलं आपण का जपायचं? आपला गेलेला आवाज ऐकून त्यांना काय होईल? मी तुझ्या जागी असतो तर नव्या डिस्कवर नव्याने सुरुवात केली असती. तू ऐकणार नाहीस, लहानपणापासून ऐकलेलं नाहीस. तेव्हा निदान हे कर: सगळे बॅकअप एकदम हलव, मध्ये वीज जाऊ देऊ नकोस, आणि नवीवरचं उघडून पाहिल्याशिवाय जुनीला हात लावू नकोस.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
केपुएली

लिफुका
९ जून

चि. केपुएलीस,
अ. उ. आ. पहिल्या खेपेला निम्म्यात वीज गेली. नवी डिस्क पुसून पुन्हा सुरू केलं, तर जुनी कटकट आवाज करायला लागली. मग सगळं टोपलीत घालून मासळीच्या थंडघरात गेले. तिथे बॅटरीवर वीज टिकते. तिथले लोलोहेआकाका म्हणाले, इथे बर्फ वितळायची पाळी आलीय आणि तुला गाणी सुचतायत. मी म्हटलं, तुमच्या लग्नातलं गाणंही यातच आहे. त्यांनी गुपचूप खुर्ची सरकवली. माशांचा वास अजून केसांत आहे, पण सगळं उतरलं. एकेक उघडून पाहिलं.

रविवारी जेवणानंतर बाबांना सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, मी पुसलं होतं ना? मी म्हटलं, तुम्ही पुसलंत, मी राखलं. नको असेल तर आत्ता सांगा. ते भिंतीकडे वळले. तुझंच खरं झालं असं वाटून मी लॅपटॉप मिटायला गेले, तर माझं मनगट धरलं. मग ईस्टरचं गाणं लावलं. त्यांचा खालचा सूर आला तशी त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. डोळे पुसले आणि पाटी ओढून लिहिलं: दुसऱ्या कडव्यात बायका मागे पडल्यात, त्यातही सेलुवाया.

शुक्रवारच्या तालमीला मेळ्यातल्या पोरांना हे ऐकवायचं, असा हुकूम आहे. तुलाही एक आहे, पाटीवरचं जसंच्या तसं उतरवते: एकाच डिस्कवर भरवसा कसला ठेवता? केपुएलीला म्हणावं, दुसरी पाठव.
वाट पाहते, तुझी आणि तिचीही.
ताई