सरपंचांच्या मिरवणुकीचा व्हिडिओ

तीर्थरूप बाबांना,
ब्रेमेनहून मनस्वीचा नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे, इथे भातही मिळतो.

आपली लोकशाही किती मोठी, हे मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगत असते. काल हरेशदादाने आपल्या नेरे गावातल्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला, सोबत कारणही लिहिलं. तो व्हिडिओ मी आधी न बघताच कौतुकाने दाखवला.

सोबतच्या नर्सने, हेल्गाने, विचारलं, "हे नवरदेव का?"

"नाही, सरपंच. यांनी बांधलेली पाण्याची टाकी पडली. तिची चौकशी बंद झाली, म्हणून मिरवणूक."

"मग टाकी पडली कशी?"

तेवढ्यात व्हिडिओत तुम्ही त्यांना हार घालून म्हणालात, "तुमीच आमचे देव."

"आणि हे कोण?"

बाबा, रागावू नका. मी म्हटलं, ओळखत नाही.

आई अजून विहिरीवरूनच पाणी आणते का?

तुमची लेक,
मनस्वी