जावयाचं कन्नड

३ जून
अव्वांचं मराठी गेलं. अव्वा म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या आई, वय शहाऐंशी, धारवाडच्या. बिबवेवाडीत आमच्याकडे येऊन चार वर्षं झाली. आधी नावं विसरल्या, आता मराठीच. डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. उरलं कन्नड. सु. ऑफिसात, दिवसभर घरी मी, रिटायर्ड. पस्तीस वर्षांच्या संसारात शिकलेलं कन्नड: शून्य.

५ जून
दुपारचा चहा. अव्वा म्हणाल्या, "साकु, साकु." साखर घातली. पुन्हा साकु. पुन्हा घातली. कप ढकलून दिला.
संध्याकाळी सु.: "साकु म्हणजे पुरे. इतक्या वर्षांत हा शब्द घरात कधी ऐकला नाहीत?"
ऐकला असणार.

९ जून
सदाशिव पेठेत कन्नडचा वर्ग लावला. हेगडेबाई. आम्ही सात जण; बाकी सहा आयटीवाले, बंगळुरूला निघालेले. प्रत्येकाला एक 'भाषावही' मिळाली. येणाऱ्या प्रत्येक भाषेला एक पान. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार रकाने. येतं त्यावर खूण, शेजारी घरच्या माणसाची सही. बाई म्हणाल्या, "आधी येतात त्या भाषा भरा. धीर येतो."

१० जून
मराठीचं पान भरलं. चारही खुणा. सु.ने 'ऐकणं'वरची खूण खोडली, मग सही केली.

१६ जून
गृहपाठ: मोबाइलवर आपलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवणे. 'ऊटा आय्ता?' म्हणजे जेवण झालं का. सतरा वेळा म्हटलं. बाईंचं उत्तर: "उच्चार बरा. मागच्या कुकरच्या शिट्ट्या स्पष्ट."
अव्वांना ऐकवलं. "आय्तु," म्हणाल्या, झालं. मला नाही, मोबाइलला.

२३ जून
पोळी हवी का विचारलं. "बेड, बेड." धरून पलंगावर नेलं. उठून आल्या. पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा उठल्यावर वही उघडली. बेड म्हणजे नको.

२ जुलै
अव्वा दारात उभं राहून रडत होत्या. "मनिगे होगोणा." घरी जाऊ या. वर्गात ऐकवायला त्यांचं हे वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मग पुसून टाकलं. चपला घालून खाली एक चक्कर मारून आणलं. जिना चढताना शांत होत्या. सु.ला सांगितलं नाही.

८ जुलै
बाईंकडून एक पूर्ण वाक्य मागून घेतलं: 'नानु निम्म अळिया.' मी तुमचा जावई.
"अळिया म्हणा. अळी नव्हे," बाई. आयटीवाले हसले. बसमधून येताना घोकलं. शेजारचा माणूस जागा बदलून बसला.

११ जुलै
दुपारी अव्वांनी मला निरखून विचारलं, "नीवु यारु?" तुम्ही कोण. वही न उघडता कळलं. सरळ बसलो आणि म्हणालो, "नानु निम्म अळिया."
त्यांनी मान हलवली. लहान मुलाला समजावतात तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सुळ्ळु. नम्म अळियगे कन्नडा बरोदिल्ल."
खोटं. आमच्या जावयाला कन्नड येत नाही.
एकही शब्द अडला नाही. सु.ला ऑफिसात फोन केला. बराच वेळ हसली. शेवटी: "काय चुकलं तिचं? पटवा आता."
अव्वांनी खुर्चीकडे बोट दाखवलंय. बसा म्हणाल्या, जावई येतीलच इतक्यात.
बसलोय.