होडी तपासून घ्यावी का?

रविवार, संध्याकाळ

खडकवासल्याला जाऊन आपटेकाकांनी विकायला काढलेली जुनी शिडाची होडी पाहून आलो. आवडली. फक्त डोलकाठीच्या बुडाशी तळ अंगठ्याने दाबला की किंचित दबतो.

“एखादा जाणकार आणून तपासून घेऊ का?” मी भीतभीत विचारलं.

“घ्या की. माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर घ्यायलाच हवी.”

मी विषयच बदलला आणि निघालो. वाघोलीला घरी येईपर्यंत तो दबणारा तळ डोक्यातून गेला नाही. काकांना दुखवायचं नाही म्हणून तशीच घ्यायची? आणि पाण्यात काही झालं तर? यवतमाळहून इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण रविवारी मी कुठे असतो हे विचारणारं कोणी नाही. सोमवारी ऑफिसात खुर्ची रिकामी दिसेल, तेव्हा कळेल.

होड्या तपासणाऱ्या मुंबईच्या एका माणसाला येत्या शनिवारी बोलावलं. मग काकांना फोन केला. चिडतील असं वाटलं होतं.

“बरं केलंत,” ते म्हणाले. “आणि होडी घेतलीत तरी एकटे जाऊ नका.”

“काका, सोबत यायला इथे माझं आहे कोण?”

“अहो, मी होडी विकतोय. मेलो नाहीये अजून.”