करमाडचं नाव

रविवार, संध्याकाळ

सकाळी माळ्यावर कंपनीच्या मासिकाचे जुने अंक सापडले. एकात खंडेनवमीचा फोटो आहे. प्रेस मशीनला झेंडूचा हार, शेजारी नारळ धरून हसणारा करमाड. कंपनीतल्या शॉपमधी आम्ही एकमेकाला गावाच्या नावानंच हाका मारायचो. तो करमाड, मी पैठण. रिटायर होईपर्यंत एकमेकाच्या डब्यातलं खाल्लं.

फोटो बघून राहवलं नाय. तशीच गाडी काढली अन् त्याच्या गावाला गेलो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मी म्हणालो, "प्रेसवर होता. हसला की डोळे मिटायचे."

"काका, इथं निम्मं गाव कंपनीत जातं. नाव सांगा."

नाव मला ठाऊकच नाय. चहा पिऊन परत आलो. आल्या आल्या फोटोखालची ओळ वाचली. साहेबांची नावं आहेत, पुढं नुसतं 'व इतर कामगार'. वर हा नारळ धरून हसतोय.

तेव्हापासून एका जागी बसवत नाय. तोही कधी मला हुडकत पैठणला गेला असंल का? तिथं काय म्हणून विचारलं असंल त्यानं?